काडीमोडीचा जबाब

“लग्न कधी झालं बाई?” भोसेकर क्लार्कनं मान वर न करता विचारलं.

“कंचं?” आई म्हणाली.

त्याचं पेन कागदावर तसंच राहिलं. “कंचं म्हणजे?”

“म्हंजी पयलं, का ह्यांच्यासंगं मोहतूर लागला त्ये?”

मी टेबलाखाली आईच्या पायावर पाय दिला. तिनं पाय काढून घेतला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, “पाय कशाला देतीस गं? आपलं काय चोरून झालंय?”

झालं! तिथंच सगळा विचका झाला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उभं आयुष्य कालव्याच्या चौकीवर गेलं होतं. पाणी सोडा, पाणी बंद करा, रात्री कुणी कालव्याचं दार फोडलं की शिव्या खा. त्या महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते आणि पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही तिघं तालुक्याच्या पाटबंधारे ऑफिसात आलो होतो. आईला आणणं भागच होतं. कागदावर नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो, आणि नवऱ्यामागं जिला पेन्शन मिळायची तिनं समक्ष येऊन अंगठा द्यायचा असतो. फोटोसाठी आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आबांनी तर फोटोवाल्याच्या कंगव्यानं मिशासुद्धा विंचरल्या होत्या.

भोसेकरनं पेन खाली ठेवलं. “मोहतूर म्हणजे दुसरं लग्न ना? नीट सांगा बाई. यांच्या आधी तुमचं एक लग्न झालं होतं?”

“झालं व्हतं की. भांडवलीला दिलं व्हतं मला. मंग काडीमोड झाली. जोतिबाच्या देवळाम्होरं पंच बसलं व्हतं, सगळ्या गावानं बघितलंय. त्येच्या मागनं ह्यांच्यासंगं मोहतूर लागला. ह्यांची पयली बाळातपणात गेली व्हती.”

“काडीमोड म्हणजे, गवताची काडी मोडायची आणि झाले मोकळे?”

“व्हय. रीतच हाय ती आमची.”

“ती गावात चालते. इथं कोर्टाचा कागद लागतो. आहे?”

“कोर्टात कशाला जायाचं?” आईला त्या प्रश्नाचाच अपमान वाटला. “आमच्यात कोन कोर्टाची पायरी चढत न्हाई.”

भोसेकरनं खुर्ची मागं सरकवली. माणूस वाईट नव्हता, पण वीस जणांची गर्दी समोर असली की चांगल्या माणसाचंही तोंड कडू होतं. “मग ऐका. सरकारच्या लेखी तुम्ही अजून त्या भांडवलीवाल्याच्याच बायको. ढोले, तुम्हाला तुमची पेन्शन मिळेल, पण तुमच्या मागं यांना काही मिळणार नाही. वारस म्हणून यांचं नाव घालताच येत नाही मला.” आणि मग त्याची नजर माझ्याकडे वळली. “आणि ही मुलगी कुणाची?”

“माझी,” आबा म्हणाले. आल्यापासून त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तेव्हा फार तडकायची, अजूनही तडकते. “मग काय सरकारची असणार होते का?” मी म्हटलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. भोसेकरनं कागदाला टाचलेल्या जोडफोटोची टाचणी काढली आणि फोटो आमच्यासमोर टेबलावर ठेवला.

आता हे एवढं जिवाला लागायचं कारण सांगते. आबांच्या काळजानं दगा दिला होता. चार पावलं चालले की थांबायचे, पाय सुजायचे, झोपायचे ते भिंतीला टेकून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते आबांना न सांगताच कळलं होतं. आमची जमीन नाही. राहतं घर म्हणजे चौकी, ती सरकारची. आई आबांहून खूप लहान, त्यांच्यामागं तिचा केवढा तरी जन्म बाकी. मी एकुलती एक, डी.एड. करत होते, नोकरीचा पत्ता नाही आणि लग्न ठरवायला लोक बसलेले. आबांच्या मनात एकच होतं. आपण डोळे मिटल्यावर हिनं कुणाच्या बांधावर खुरपायला जाऊ नये. त्यासाठी ते गोळ्या खाऊन एसटीत उभे राहून आले होते, आणि आईनं सरळ स्वभावापायी एका शब्दात सगळ्यावर पाणी ओतलं.

आम्ही साहेबांच्या केबिनीत गेलो. साहेब तरणाबांड इंजिनियर, नुकताच बदलून आलेला. त्यानं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

“कोर्टात गेलात तर वर्षं जातील,” तो म्हणाला. “रीतीनं झालेली काडीमोड धरतात, नाही असं नाही, पण पुरावा पाहिजे. पंचांपैकी कोण आहे?”

“सगळं गेलं,” आई म्हणाली.

“तो पहिला नवरा?”

आबांनीच सांगितलं, “हाय. भांडवलीतच असतो.”

“मग त्याला आणा. त्यानं माझ्यासमोर आपल्या तोंडानं सांगायचं, की मी स्वतः काडी मोडली, माझा हिच्यावर हक्क नाही. मी जबाब घेतो आणि माझी शिफारस लावून वर पाठवतो. पण त्यानं स्वतः मोडलेली पाहिजे. त्याच्या वतीनं कुणी मोडली वगैरे चालणार नाही, वरचे लोक पहिलं तेच विचारतात.”

एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर बसल्यावर मी आईवर तुटून पडले. “तुला कुणी विचारलं होतं सगळं पुराण? एक साल सांगायचं, मोकळं व्हायचं!”

“खोटं बोलू व्हय?”

“खोटं कुठं होतं त्यात? त्यानं लग्न विचारलं, तू लग्न सांगायचं!”

“बास गं,” आबा म्हणाले. “तिला कशाला बोलतीस? आनू त्याला. येईल.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “त्ये यून काय सांगनार?” ती हळू म्हणाली. “त्ये तितं न्हवतंच.”

मला कळेना. “कुठं नव्हते?”

“काडी मोडली तवा. त्यास्नी छातीचा रोग झाल्ता. रगत पडायचं. क्षयाच्या दवाखान्यात न्हेऊन ठिवलं व्हतं लांब. थोरल्या दीरानं माझ्या बापाला बोलावलं, म्हनलं, त्यो काय वाचत न्हाई आता, त्येनंच सांगून धाडलंय, तिला मोकळी करा, तरनीताठी पोर जन्मभर कशाला बसवून ठिवायची. दीरानंच मोडली काडी, त्यांच्या जागंवर बसून. मला काय कळत व्हतं? बाप म्हनला चल, मी चालले.”

“आणि ते वाचले.”

“वाचलं. मला लई मागनं कळालं.”

मी आबांकडे बघितलं. त्यांना हे ठाऊक होतं, चेहऱ्यावरूनच दिसलं. म्हणजे आता त्या माणसानं खरं सांगितलं तर सगळं संपलं. आणि त्यानं आमच्यासाठी खोटं का सांगावं? आमचं कोण लागत होता तो? मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्याचं नाव खाशाबा, हे सुद्धा मला आबांनी त्या दिवशी सांगितलं. आईनं ते नाव आमच्या घरात कधी घेतलं नव्हतं.

दोन दिवसांनी आबा एकटेच भांडवलीला गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, “पोरीनं जायचं काम न्हाई हे.” दिवस मावळायला परत आले ते चौकीच्या पायरीवरच बसले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “येतो म्हनाला.”

“नुसतं येतो? काय सांगणार ते विचारलं नाही?”

“त्याच्या दारात बसून त्येला काय काय इचारू मी?” आबा कधी नव्हे ते माझ्यावर खेकसले. मग जरा वेळानं म्हणाले, “च्या दिला. मला धाप लागली तर पाठीला उशी आनून दिली.”

आई चुलीपुढं आमच्याकडे पाठ करून बसली होती. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “घरी कोन कोन हाय त्यांच्या?”

“कोन न्हाई. एकलाच असतो. भावानं वायला काढलाय. धा-बारा शेरडं हायती.”

“मानसं?”

“मानसं न्हाईत म्हनलं न्हवं. लगीनच केलं न्हाई त्येनं परत.”

आई थापतच राहिली. भाकरी परातीत पार कागदासारखी झाली आणि मधोमध फाटली, तरी तिचा हात थांबेना. शेवटी मीच तिच्या हातून पीठ काढून घेतलं.

ठरल्या दिवशी आम्ही ऑफिसात पोचलो तर तो आमच्या आधी येऊन पायरीवर बसला होता. माझ्या मनात त्याचं एक चित्र होतं, लाल डोळे, दारूचा वास, काहीतरी मागायला बसलेला. प्रत्यक्षात एक उंच, वाळका, स्वच्छ माणूस उठून उभा राहिला. दाढी नुकतीच केलेली, पटका कडक धुतलेला. आईहून पाचसहा वर्षांनीच मोठा असेल, पण वाकला होता. त्यानं आबांना रामराम केला. आईकडे बघितलं नाही. आईनंही पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागून ती मला एकदम परक्या घरची नवी सून वाटली.

केबिनीत साहेब, बाजूला लिहून घ्यायला भोसेकर. आबांना खुर्ची दिली. बाकी आम्ही उभेच.

“या अनसाबाईंना ओळखता?” साहेबांनी विचारलं.

“व्हय.”

“कोण तुमच्या?”

“बायकू व्हती,” खाशाबा म्हणाला.

“होती म्हणजे? काडीमोड झाली?”

“झाली.”

“कुणी मोडली काडी? तुम्ही स्वतः हजर होता का? नीट आठवून सांगा.”

आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली तरी मी हात हलवला नाही. आबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या छातीचा घरघर आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता.

“म्याच मोडली,” खाशाबा म्हणाला. “ह्या हातानं.”

“कुठं?”

“जोतिबाच्या देवळाम्होरं. सकाळच्या पारी. हिचा बाप पिंपळाच्या बाजूला बसल्याला. आमचा भाऊ हिकडं. पंच पारावर. जुंधळ्याची काडी व्हती, वली व्हती, एका दमात मोडंना, दुसऱ्यांदा पिळा घालून तोडली. हिनं लाल चोळी घातल्याली. हिचा बाप रडला.”

मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. म्हणजे हे सगळं असंच्या असंच घडलं होतं. जो माणूस तिथं नव्हता त्याला काडी ओली होती हे सुद्धा ठाऊक होतं. किती जणांना, किती वेळा विचारलं असेल त्यानं?

भोसेकर भराभरा लिहीत होता. साहेबांचंही समाधान झालेलं दिसलं. “कारण काय होतं?” त्यांनी विचारलं.

“कशाचं?”

“काडीमोडीचं. जबाबात लिहावं लागतं.”

हा प्रश्न येईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, “पटत न्हवतं आमचं. रोजची भांडनं. लिवा तसं.”

आईच्या तोंडून ‘न्हाई’ निघता निघता राहिलं. मला तिच्या हातातून ते कळलं.

भोसेकरनं जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. “माझा सदर बाईवर कोणताही हक्क राहिलेला नाही” या वाक्याला खाशाबानं मान हलवली आणि अंगठा पुढं केला. भोसेकरनं तो शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला. खाशाबानं पटका जरा वर करून शाई केसांना पुसली. तेवढ्यात भोसेकरनं कागदांतून आमचा जोडफोटो काढला, मागं डिंक लावला आणि आबांच्या अर्जावर ठेवून वरून मूठ दाबली. हिरव्या लुगड्यातली आई आणि मिशा विंचरलेले आबा. खाशाबा तो फोटो नीट चिकटेपर्यंत बघत होता.

पेन्शन बसली, हे आत्ताच सांगून टाकते. आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, आणि त्यांच्यामागं आईला महिन्याच्या महिन्याला मिळत राहिली. कुणापुढं हात पसरायची वेळ तिच्यावर आली नाही. आबांना हवं होतं तेवढं झालं. पण मला सांगायचंय ते त्या दिवशी बाहेर आल्यावरचं.

आबा आत सह्या करत थांबले होते. ऑफिसच्या आवारात कालव्याच्या जुन्या, गंजलेल्या लोखंडी दारांचा ढीग पडला होता, त्याच्या सावलीला आम्ही तिघं उभे होतो. खाशाबानं चपला घातल्या. तो निघायच्या बेतात होता. आणि आई, जिनं सकाळपासून त्याच्याकडे तोंड केलं नव्हतं, ती एकदम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुमी तर तितं न्हवता,” ती म्हणाली.

“न्हवतो.”

“आन् पटत न्हवतं म्हनालासा. कदी भांडलो वो आपुन? एकदा तरी?”

“साहेबाला कायतरी सांगाया पायजे का नगं?” तो कसनुसं हसला. “आमचं लई ब्येस चाललं व्हतं म्हनून काडी मोडली, असं सांगू व्हय?”

आईला हसू आलं नाही. “पर तुमीच सांगून धाडलं व्हतं न्हवं? मोकळी करा तिला म्हनून. थोरल्या दादांनी सांगितलं व्हतं तसं.”

तो चपलेनं माती उकरत राहिला.

“सांगा की! धाडलं व्हतं न्हवं तुमी?”

“आता कशाला ते...”

“माझी आन हाय तुमाला.”

त्या शपथेवर तिचा काय हक्क होता कुणास ठाऊक, पण त्यानं ती मानली. “म्या काय बी सांगून धाडलं न्हवतं,” तो म्हणाला. “मला कोनी इचारलंच न्हाई. बरा झालो, सुटी दिली, घरी आलो. दारात आल्याव भावजय म्हनली, अनसा न्हाई आता हितं.”

आई मटकन खाली बसली. दारांच्या ढिगाला टेकूनच बसली, लुगड्याला गंज लागला तरी तिला भान नव्हतं. मी तिचा दंड धरला तर तिनं माझा हात झटकला.

“मंग आला का न्हाई?” ती त्याच्याकडे वर बघत म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “इतक्या वर्सात एकदा यून इचारायचं न्हाई? मी मेले व्हते का? माझ्या बापाला धरायचं, भावाला धरायचं, पंचांच्या दारात बसायचं! मला काय ठावं? मला वाटलं तुमीच टाकलं मला. मला वाटलं, मरताना बी मानसाला आपली दया आली, सोडून दिलं. मी तुमच्या नावानं दिवा लावलाय वो त्या वक्ताला!”

“आलतो की.”

“कवा?”

“आलतो. कालव्याच्या कडंनं चालत आलतो. मनात म्हनत व्हतो, तिला नुसतं सांगायचं, काडी म्या मोडली न्हाई, चल. चौकी दिसाय लागली.” त्यानं माझ्याकडे हात केला. माझ्याकडे त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. “तू ह्या पोरीला पायाव घिऊन आंगूळ घालत व्हतीस. बारकी व्हती, महिन्या-दोन महिन्याची. ही बोंबलत व्हती आन् तू हसत व्हतीस. म्या पल्याडच्या कडंला हुबा व्हतो. मधी पानी. लई येळ हुबा ऱ्हायलो. तू तिला पुसलं, धुरी दिली, आत घिऊन गेलीस. मंग मी बी माघारी फिरलो.”

मला वाटत होतं आपण तिथून पळून जावं. माझा काहीच दोष नव्हता, आणि तरी मी त्या दोघांच्या मधे उभी होते, आणि माझ्याइतकं तिथं दुसरं काही आडवं आलेलं नव्हतं.

आबा धापा टाकत बाहेर आले. हातात पोचपावती होती. “झालं एकदाचं,” ते म्हणाले, आणि आईला जमिनीवर बसलेली बघून तिथंच थबकले. मग खाशाबाला म्हणाले, “पावनं, जेवल्याबिगर जायाचं न्हाई. हाटेलात चार घास खाऊ.”

“नगं. शेरडं कोंडून आलोय.”

“तुमचं लई उपकार झालं.”

“उपकार न्हाई वो ते.” खाशाबानं पटका सारखा केला. मग तो आईसमोर वाकला, जमिनीवर बसलेल्या माणसाशी बोलायला वाकावं तसा, आणि हळू म्हणाला, “अनसे, भावानं मोडली ती त्येची काडी. माझ्या बाजूनं मोडली न्हवती कदी. इतकी वर्सं तू माझ्या घरची व्हतीस माझ्यापुरती. आज मोडली.”

त्यानं आबांना रामराम घातला आणि फाटकातून बाहेर पडला. आईनं गुडघ्यात डोकं घातलं आणि कुणी मेल्यावर बायका रडतात तशी ती त्या आवारात मोठ्यानं रडायला लागली. पेन्शनला आलेले लोक व्हरांड्यात येऊन बघत होते. आबा पोचपावती हातात धरून तिच्याशेजारी उभे राहिले, आणि त्यांनी तिला एकदाही गप बस म्हटलं नाही.